खाल्लेल्या पानाचा फोटो

एरवी मी दागिन्यांचे फोटो काढते. एक ओरखडा दिसला तरी सराफ फोटो परत पाठवतो. त्यामुळे ठाण्यातल्या येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या देशी झाडांच्या नर्सरीने रोपांची चित्रपुस्तिका करायला बोलावलं, तेव्हा जरा मोकळा श्वास घेतला.

पावसाळा नुकताच लागला होता. ढगाळ, मऊ उजेड. फोटोवाल्याला आणखी काय हवं? पण हिरव्या शेडनेटखाली शिरलं की सगळ्यावर हिरवी झाक चढते. कुसुंबाची तांबडी पालवी मळकट तपकिरी दिसायला लागली. ग्रे कार्ड, म्हणजे राखाडी पुठ्ठा, ठेवून कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स लावला, म्हणजे रंग खरे दिसावेत असं जुळवून घेतलं, तरी मन भरेना. शेवटी एकेक पिशवी उचलून बाहेर आणायची आणि काळ्या चार्टपेपरसमोर ठेवायची असं ठरलं. उचलायला नर्सरीतल्या मावशी. त्या येऊरच्याच पाड्यावरच्या.

खरी अडचण पुढेच होती. हातभर रोपाला ना फूल, ना फळ. बहाव्याच्या पिवळ्या झुंबरांचे फोटो कुठेही मिळतील, पण गिऱ्हाईक विकत घेतं ते चार पानांचं रोप. ते ओळखायचं कशावरून? पळसाला पानं तीनच हे खरं, पण पांगाऱ्यालाही तीनच. मावशींनी दोन्ही शेजारी ठेवली आणि पांगाऱ्याच्या खोडावरचे काटे दाखवले. मग मी पूर्ण रोपाचा नाद सोडला. पानाची वरची बाजू, खालची बाजू, देठ खोडाला मिळतो ती जागा, एवढंच जवळून घेत गेले.

काळा कुडा आणि पांढरा कुडा मात्र छळतात. दोघांची पानं समोरासमोर, दोघांना पांढरा चीक. शेंगा आल्या की प्रश्न मिटतो: काळ्या कुड्याच्या जोडशेंगा कोवळ्या असताना टोकाशी जुळलेल्या असतात, पांढऱ्याच्या सुट्या. तोवर पिशवीवरच्या चिठ्ठीचाच आधार. नर्सरीवाले काका म्हणाले, "बी कुठल्या झाडाखालून उचललं ते त्याच दिवशी लिहायचं. नंतर नुसतं रोप बघून छातीठोक नाव सांगणाऱ्यावर माझा विश्वास नाही."

माकडलिंबाचं रोप आलं ते कुरतडलेलं. दुसरं मागितलं, तेही तसंच. एका पानावर पक्ष्याची शीट पडावी तसा डाग. मावशींनी त्याला हळूच काडी लावली, तर डागाने डोक्यामागून मऊ दुभंगलेलं शिंग बाहेर काढलं! ब्लू मॉरमॉनची अळी. २०१५ साली महाराष्ट्राने ज्याला राज्य फुलपाखरू केलं, त्याचं बालपण हे असं. मोठी झाली की अळी हिरवी होते, मग पानात शोधून सापडत नाही.

तेवढ्यात घोडबंदर रोडच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी आले. "कीड लागलेलं नको हं."

"साहेब, तिला खायला मिळावं म्हणूनच हे झाड लावायचं," काका म्हणाले.

साहेबांनी बकुळ आणि ताम्हण नेलं. मला त्यांचा राग आला नाही. भिंतीलगतच्या दोन हात पट्टीत जंगल मावत नाही, आणि सभेत उत्तरं त्यांनाच द्यावी लागतात.

काकांचा हट्ट, की खाल्लेल्या पानाचा फोटो पानभर छापायचा. मी म्हटलं, माणसं पान उलटतील. बराच वेळ घासाघीस झाली. निरोगी रोप आणि कुरतडलेलं पान सारख्याच आकारात, शेजारी शेजारी, यावर तडजोड झाली. अळी मात्र ठळक दिसलीच पाहिजे, ही त्यांची अट. ती मला पटली; दिवसभरातला सगळ्यात चांगला फोटो तोच होता.

दोन्ही कुड्यांची पानं पुस्तिकेत अर्धी रिकामी ठेवली आहेत. शेंगांसाठी थंडी सरताना परत जायचंय. मावशींनी बजावलंय, "ताई, शेंगा तडकायच्या आधी ये. मागनं आलीस तर म्हातारीचे केस वेचत बसशील."