गणपतीतला रस्त्यावरचा सिनेमा

जुन्या लालबाग-परळबद्दल आपल्या शाळेच्या या स्मरणिकेत लिहिणारे पुष्कळ असतील. गिरण्यांचे भोंगे, ३१ मार्च १९६४ ला कायमची थांबलेली ट्राम, दामोदर हॉलमधली कामगारांची नाटकं, भारतमाता थिएटर, चिवडा गल्ली, यांवर कोणी ना कोणी लिहीलच. राहून जातो तो गल्लीतला सिनेमा. त्याला इमारत नव्हती, पाटी नव्हती. रात्री उभा राहायचा आणि सकाळी नळाला पाणी यायच्या आत आवरलेला असायचा. साठ-सत्तरच्या दशकात आपल्या शाळेत असलेल्या बहुतेकांचे बरेचसे सिनेमे असे रस्त्यावर बसून, फुकटात पाहून झालेत. तो कसा उभा करायचे आणि कुठे फसायचा, हे ठाऊक असलेली माणसं आता थोडीच उरली आहेत, म्हणून तेवढंच लिहितो.

हंगाम दोन. गणेशोत्सवाचे दिवस, आणि २६ जानेवारीच्या सुमारास चाळीचाळींतून होणाऱ्या सत्यनारायणाच्या पूजा. वेळ गिरणीच्या पाळ्यांवर ठरायची. पहिली पाळी सकाळी सात ते दुपारी साडेतीन, दुसरी साडेतीन ते रात्री बारा. आरती, जेवणं उरकून दहाच्या सुमारास सिनेमा लागे. दुसऱ्या पाळीवाले सुटून येईपर्यंत तो निम्म्याच्या पुढे गेलेला असायचा. मग समंजस मंडळं सिनेमा संपल्यावर पहिली दोन रिळं पुन्हा लावत. या दुसऱ्या पाळीवाल्यांनी उत्तरार्ध आधी आणि पूर्वार्ध नंतर पाहिलेला असे. तेव्हाच्या कथाच अशा होत्या की त्याने फारसं काही बिघडत नसे.

मशीन, म्हणजे प्रोजेक्टर, १६ मि.मी. रुंद फिल्मचं. थिएटरातलं ३५ मि.मी.चं धूड गल्लीत आणणं शक्य नव्हतं; हे मात्र पेटीत बसे आणि एक माणूस उचलून नेई. बेल अँड हॉवेलची मशीनं बरीच दिसत. त्यांचा दिवा ७५० किंवा १००० वॉटचा आणि बहुधा ११० व्होल्टवर चालणारा. आपली वीज २३० व्होल्टची, म्हणून मशीनबरोबर ट्रान्सफॉर्मर आलाच. तोही चांगलाच जड. ट्रान्सफॉर्मर विसरून मशीन थेट लावली की दिवा एका झगमगाटात जाई, आणि त्या रात्री दुसरा दिवा मिळायची आशा नसे.

पहिला प्रश्न वीज कुठून घ्यायची. दिवा आणि ॲम्प्लिफायर मिळून पाच-सहा अँपियर खेचत. चाळीतल्या खोलीचा फ्यूज ५ अँपियरचा. तो पाच-दहा मिनिटं टिके आणि नेमका रंगात आलेल्या प्रसंगात उडे. कोणीतरी त्यात जाड तार अडकवी, मग फ्यूजऐवजी भिंतीतली वायर तापे. मंडपासाठी बेस्टचं तात्पुरतं मीटर घेतलेलं असे, त्यावरूनच जोडणी घेणं शहाणपणाचं; नाहीतर पिठाच्या गिरणीवाल्याकडून. वायर लांब आणि बारीक असली की शेवटाला व्होल्टेज पडतं. चित्र पिवळट, अंधारं दिसे आणि लोक पडद्याला दोष देत. गिरणीतले वायरमन गल्लीत राहात असल्याने हे दुखणं ओळखणारा माणूस हाकेच्या अंतरावर असायचा. गल्लीतल्या सिनेमाचा खरा तंत्रज्ञ तोच, मशीन घेऊन आलेला ऑपरेटर नव्हे, असं माझं मत आहे.

पडदा मांजरपाटाचा. २ इंची भिंग असेल तर ५० फुटांवर साधारण साडेनऊ फूट रुंद चित्र पडतं, आणि ४ः३ च्या प्रमाणात उंची सात फुटांच्या थोडी वर जाते. त्यासाठी एक वार पन्ह्याच्या, अकरा-अकरा फुटांच्या तीन पट्ट्या आडव्या जोडायच्या, म्हणजे अकरा वार कापड. शिवण नायिकेच्या चेहऱ्यावरून जायची, त्याला इलाज नाही. मशीन दुप्पट लांब नेली तर चित्र दुप्पट रुंद होतं, पण तोच उजेड चौपट जागेवर पसरतो. मोठा पडदा हवा म्हणून हटून बसणाऱ्या कार्यकर्त्यांना हे गणित पटत नसे. चित्र फिकं पडलं की ते दिव्याच्या नावाने खडे फोडत.

बांधणी समोरासमोरच्या दोन चाळींच्या गॅलऱ्यांच्या कठड्यांना. नुसते चार कोपरे बांधले की मधे पोट सुटतं आणि वाऱ्याबरोबर नटांची तोंडं लांबरुंद होतात. वरच्या काठाला फुटाफुटावर दोरी आणि खालच्या काठात ओवलेला बांबू, एवढं केलं की कापड ताठ राही. मोठ्या रस्त्याकडून गल्लीत शिरणारा वारा जोराचा असेल तर खालची दोरी थोडी सैल सोडायची, नाहीतर ताण शिवणीवर येऊन ती उसवते. चारही बाजूंनी काळ्या कापडाची पट्टी लावली की चित्राची थरथरती कड तीत लपते. रस्त्यावरचे दिवे झाकायची सोय मात्र आधी करावी लागे. एक दिवा उघडा राहिला तरी काळोखातले प्रसंग धुऊन निघत.

गर्दी पडद्याच्या दोन्ही अंगांना बसे. कापड पातळ घेतलं तर मागच्यांना स्वच्छ दिसतं, पण तेवढा उजेड पुढच्यांचा कमी होतो. जाड घेतलं तर उलट. पाणी मारून कापड ओलं केलं की मागच्यांचं चित्र उजळतं. मागे बसणाऱ्यांना नामावली उलटी दिसे आणि तलवारी सगळ्या डाव्या हातात. तरीही कित्येक जण मुद्दाम मागेच जात, कारण तिथे मशीनचा खडखडाट पोहोचत नसे आणि बसायला ऐसपैस जागा मिळे.

फिल्म ओवणं हे खरं कौशल्याचं काम. गेटमध्ये, म्हणजे दिव्यासमोर फिल्म धरणाऱ्या फटीत, चित्र उलटं जातं, डोकं खाली. बहिर्गोल भिंगाची उलटी प्रतिमा पदार्थविज्ञानाच्या तासाला आपण सगळ्यांनीच काढली आहे, तेच इथे. गेटच्या वर आणि खाली फिल्मचा एकेक सैल वळसा, म्हणजे लूप, ठेवावा लागतो. गेटमध्ये फिल्म सेकंदाला २४ वेळा थांबत-सुटत पुढे सरकते, तर बाकी मशीनमध्ये ती अखंड वाहते. हा झटका लूप खातो. फिल्मच्या काठची भोकं फाटलेली जागा आली की लूप निघून जातो आणि पडद्यावर चित्र फडफडत वर-खाली नाचतं. खालचा लूप लहान-मोठा झाला तर आवाज बिघडतो. १६ मि.मी.मध्ये आवाजाची पट्टी चित्राच्या २६ चौकटी पुढे असते, म्हणजे सेकंदाहून थोडी जास्त. त्यामुळे लूप चुकला की ओठ एक बोलतात आणि ऐकू दुसरंच येतं.

कर्णा पडद्याजवळच हवा. पुष्कळदा वायर वाचवायला तो मशीनपाशी टांगत. मग आवाज पाठीमागून येई आणि लोक माना वळवत. गल्लीच्या टोकाला दुसरा कर्णा लावला की दोन्ही चाळींच्या भिंतींवरून घुमून एकही संवाद धड कळत नसे.

मिनिटाला ३६ फूट फिल्म जाते. १६०० फुटांचं रीळ पाऊण तासाला एखादं मिनिट कमी चालतं, आणि अडीच तासांच्या सिनेमाला अशी चार रिळं लागतात. मशीन एकच असल्याने दर रिळानंतर खंड पडे. त्या वेळात वर्गणीदारांची नावं, हरवलेल्या पोराची वर्दी, दुसऱ्या दिवशीच्या पाककृती स्पर्धेची सूचना. भाड्याच्या प्रती इतक्या फिरलेल्या असत की जोडांशिवाय रीळ नसे. नीट जोड म्हणजे थर खरवडून, फिल्म चिकटवायचं सिमेंट नावाचं द्रावण लावून, दाबून धरणं. घाईत चिकटपट्टी लावली की तिचा डिंक गेटमध्ये जमतो आणि पुढे फिल्म अडकते. अडकलेल्या चौकटीवर दिवा चालूच राहिला की पडद्यावर तपकिरी फोड उठून पसरत जाई आणि गल्ली एका सुरात ओरडे. ही फिल्म ॲसिटेटची, वितळते पण जुन्या नायट्रेटसारखा भडका घेत नाही. प्रत्येक जोडाला काही चौकटी जात. गाण्यातल्या उड्या त्यामुळेच.

आणखी एक हमखास फजिती सिनेमास्कोपची, म्हणजे रुंद चित्र फिल्मवर आडवं दाबून बसवलेल्या सिनेमाची. प्रत स्कोपची आणि सोबतचं रुंदावणारं भिंग आलंच नाही, तर अख्खा सिनेमा उंच, किडकिडीत माणसांचा. भिंग तपासूनच पेटी घ्यायची, हे शहाणपण एकदा फसल्यावरच येई.

गणपतीत पाऊस ठरलेला. मशीनवर ताडपत्री हवी, पण हवा खेळती ठेवून. तापलेल्या काचेवर एक थेंब पडला तरी ती तडकते. सर आली म्हणून जळता दिवा तसाच उचलून आडोशाला नेला की तापलेली तार हिसक्याने तुटते. आधी दिवा बंद, पंखा चालू, दोन मिनिटं थांबायचं आणि मगच मशीन हलवायची. मधल्या काळात लोक बसलेल्या सतरंज्याच डोक्यावर घेत.

१८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपाने वर्गणी आटली. त्याच सुमारास व्हिडिओ आला. रिळं नाहीत, पडदा नाही, भाडं कमी आणि एका रात्रीत तीन सिनेमे. फक्त पंचवीस माणसांनाच नीट दिसेल एवढी टीव्हीची काच. पडद्यामागची जागा कायमची गेली ती तेव्हा.

शाळेच्या महोत्सवात मैदानावर जुन्या मशीनवर एखादं रीळ दाखवायचा बेत समितीच्या कानावर आला असेल, तर दोन गोष्टी आधी कराव्यात. डबा उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर ती फिल्म कुजायला लागली आहे, आकसलीही असणार. भोकं मशीनच्या दात्यांवर बसणार नाहीत, लावू नका. आणि मशीनमधलं जुनं ग्रीस घट्ट झालेलं असतं, ते काढल्याशिवाय मोटर सुरू करू नका. कापडाची अडचण नाही, अकरा वार पुरेल.