नकाशावरचं जांभळं अक्षर

मी जुने कागद दुरुस्त करते, म्हणजे फाटक्या सनदा, वंशावळी, पत्रिका, काय येईल ते. त्याच नादात मुंबईचे जुने टुरिस्ट नकाशे जमवायला लागले, आत्तापर्यंत तेवीस झालेत. सर्व्हेचे मोठे नकाशे ऑफिसच्या कपाटात पडून राहतात म्हणून टिकतात, पण टुरिस्ट नकाशा दोन दिवस खिशात घालून फिरायचा आणि टाकून द्यायचा, त्यात कागद स्वस्तातला, घडीवरच तुटतो. त्यामुळे एखादा हाताला लागला की मला खरंच खूप आनंद होतो.

गेल्या पावसाळ्यात पंच्याहत्तरीचे एक काका पिशवीत असाच एक घेऊन आले. "वडिलांच्या ट्रंकेत होता, ४७ सालचा आहे." नकाशा इंग्रजीत, घड्यांवर मागून सेलोटेप लावलेली, तिचा गोंद पिवळा होऊन पुढे फुटलेला. मी आधी रेल्वेचं नाव बघते, ती सवयच लागलीये. जीआयपी आणि बीबीसीआय ही आधीच्या रेल्वे कंपन्यांची नावं असतील तर जुना, इथे सेंट्रल आणि वेस्टर्न छापलेलं, ती नावं १९५१ ची. आणि ट्रामच्या लाइनी होत्या, म्हणजे ३१ मार्च १९६४ ला शेवटची ट्राम धावली त्याच्या आधीचा. काकांना सांगितलं तर जरा हिरमुसले, मग म्हणाले, "म्हणजे मी लहान होतो तेव्हाचा की."

कागद इतका पिवळा पडला होता की टेप काढून सरळ पाण्यात धुवायचा असं मी ठरवलं होतं. छपाईची शाई मी तपासली, ती पक्की निघाली. नकाशावर काही पुसट करड्या रेघाही होत्या, त्या मात्र साधी पेन्सिल समजून सोडून देणार होते, कारण शिसपेन्सिल पाण्याने हलत नाही. तरी काय वाटलं कोण जाणे, काडीला कापूस गुंडाळून जरासा ओला केला आणि एका रेघेच्या टोकाला टेकवला. रेघ जांभळी झाली. कॉपिंग पेन्सिल! कोरडी असताना करडी दिसते, पाणी लागलं की रंग सुटतो. मी ट्रेमध्ये पाणी भरून ठेवलं होतं हो, दहा मिनिटांत सगळ्या नकाशावर जांभळे ढग पसरले असते. माझे हात थरथरत होते, आधी तो ट्रे उचलून मोरीत ओतला आणि मग खुर्चीत बसले.

नंतर दिवा आडवा धरून बघितलं तर त्या रेघा नव्हत्याच, अक्षरं होती, बारीक देवनागरी. व्हिक्टोरिया गार्डन्सवर 'राणीचा बाग', व्हीटीवर 'बोरीबंदर', म्युझियमजवळ 'काळा घोडा', आणि तेव्हा तो घोड्याचा पुतळा खरंच तिथे रस्त्यात उभा होता, १९६५ मध्ये हलवला. काकांना फोन केला तर ते थोडा वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "ताई, आमचे वडील मिलमध्ये होते, साताऱ्याकडून पाहुणे आले की रविवारी त्यांना मुंबई दाखवायचे, त्यांना इंग्रजी कुठे येत होतं!"

बाजारात असे लिहिलेले नकाशे खोडरबराने घासून 'क्लीन कॉपी' म्हणून विकतात, जास्त पैसे येतात म्हणे. मला ते बघवत नाही. नुसता छापलेला नकाशा आणखी कुठेतरी सापडेल, हा एकच आहे.

धुणं रद्द केलं, ओली खळ पण वापरता येईना, म्हणून गरम इस्त्रीने चिकटणारा टिश्यू मागून लावला, एकेक घडी, चार दिवस गेले. कागद पिवळाच राहिला, राहू दे.

काका घ्यायला आले तेव्हा नकाशा पारदर्शक फिल्ममध्ये घालून टेबलावर पसरला होता. ते बोट फिरवत वाचत गेले, बोरीबंदर, भायखळा, राणीचा बाग, आणि लालबागला एका घडीवर बोट थांबलं. तिथे बघायचं ठिकाण काहीच छापलेलं नव्हतं, फक्त एक छोटा गोल होता आणि शेजारी लिहिलं होतं, 'घर'.