नाशिकमध्ये राहून फिजिऑलॉजी-पॅथॉलॉजीतली पीएचडी निवडताना

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ म्हसरूळला, दिंडोरी रोडवर आहे. त्यामुळे नाशिककरांना पीएचडी अगदी दाराशी असल्यासारखी वाटते. पण हे विद्यापीठ मुख्यतः संलग्न महाविद्यालयांचं आहे. संशोधन राज्यभरातल्या मान्यताप्राप्त केंद्रांत चालतं, आणि म्हसरूळला प्रामुख्याने कागद, परीक्षा आणि समित्या. म्हणून मी 'कुठलं विद्यापीठ' हा प्रश्न बाजूला ठेवून 'कुठला गाइड आणि कुठली प्रयोगशाळा' इथूनच सुरुवात केली.

त्याआधी एक गोष्ट मात्र स्वच्छ करून घेतली: या पदवीने नेमकं काय करता येणार? फिजिऑलॉजीत, म्हणजे शरीरक्रियाशास्त्रात, मेडिकल एमएस्सी आणि वर पीएचडी असेल तर वैद्यकीय महाविद्यालयात शिकवण्याची वाट आहे, पण एमबीबीएस नसलेल्यांच्या जागांवर टक्केवारीची मर्यादा असते आणि तिचा नियम बदलत राहतो. अर्ज करण्यापूर्वी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची चालू अधिसूचना वाचलेली बरी. पॅथॉलॉजीचं, म्हणजे विकृतिशास्त्राचं, गणित वेगळं. तिथल्या अध्यापनासाठी एमडी किंवा डीएनबी ही डॉक्टरांची पदव्युत्तर पदवी लागते, पीएचडी तिची जागा घेत नाही. आणि लॅबच्या रिपोर्टवर सही करण्याचं म्हणाल, तर ती पॅथॉलॉजीत पदव्युत्तर पदवी असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरनेच करायची, हे सर्वोच्च न्यायालयाने 12 डिसेंबर 2017 रोजी स्पष्ट केलं आहे. डीएमएलटी (लॅब तंत्रज्ञाचा डिप्लोमा), मग बीएस्सी, मग एमएस्सी करून 'पीएचडी झाली की स्वतःची लॅब' असा हिशेब मांडणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं. विज्ञान शाखेतून येणाऱ्याला पॅथॉलॉजीतली पीएचडी संशोधनाकडे नेते, दवाखान्याकडे नाही.

गाइडकडे जागा आहे का, हे तोंडी विचारून भागत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनुसार प्राध्यापकाकडे एका वेळी 8, सहयोगी प्राध्यापकाकडे 6 आणि सहायक प्राध्यापकाकडे 4 विद्यार्थी असू शकतात. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी राहिले असतील तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. नावाजलेले गाइड नेमके इथेच अडतात: माणूस तयार असतो, यादी भरलेली असते. कालावधी किमान 3 वर्षं, कमाल 6. पुनर्नोंदणी करून आणखी 2, महिलांना त्याहून 2 जास्त. कोर्सवर्क किमान 12 क्रेडिटचं आणि त्यात 55 टक्के हवेत. नोकरी सांभाळून करणाऱ्याने सुट्टीचा हिशेब इथेच करावा.

खरा वेळ द्यायचा तो नमुन्यांच्या प्रश्नाला. पीएचडी रखडते ती बहुधा विषय कठीण असतो म्हणून नाही, नमुने मिळत नाहीत म्हणून. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर हा आदिवासी पट्टा जवळ असल्याने सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) हा विषय नाशिकमध्ये सहज सुचतो. सोल्युबिलिटी ही त्याची प्राथमिक चाचणी स्वस्त आहे, पण वाहक आणि रुग्ण दोघांतही ती पॉझिटिव्ह येते, त्यामुळे पुढे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस चाचणी लागतेच. सहा महिन्यांखालच्या बाळांत गर्भावस्थेतल्या हिमोग्लोबिनमुळे तीच चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते, आणि अलीकडे रक्त चढवलेल्या रुग्णाचा निकाल भरवशाचा नसतो. ईडीटीए या गोठणरोधकातलं रक्त एचपीएलसीसाठी 2 ते 8 अंशांत काही दिवस टिकतं, पण सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) त्याच दिवशी झालेली चांगली. मग गाइडला विचारायचं: एचपीएलसी मशीन तुमच्याच विभागात आहे की बाहेर, आणि रिएजंटचा खर्च कोण करणार?

गाठींच्या बायॉप्सीवर काम करायचं असेल तर जुन्या ब्लॉक्सची (मेणात जपलेल्या ऊतकांची) संख्या बघून भुलू नये. ऊतक 10 टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये होतं का, किती तास होतं, याची नोंद आहे का ते बघावं. स्तनाच्या कर्करोगात ईआर, पीआर, हर-2 या रिसेप्टर तपासण्यांसाठी फॉर्मॅलिनमध्ये 6 ते 72 तासांची मर्यादा पाळली जाते. बफर नसलेल्या फॉर्मॅलिनमध्ये फॉर्मिक आम्ल तयार होऊन डीएनएचे तुकडे पडतात, आणि आरएनए तर त्याहून नाजूक. 'दहा वर्षांचे ब्लॉक आहेत' या वाक्याला नोंदवहीशिवाय फारशी किंमत नाही.

फिजिऑलॉजीत त्या मानाने खर्च कमी, शिस्त जास्त. हृदयगतीच्या चढउताराचं मापन, म्हणजे एचआरव्ही, हा आवडता विषय. पाच मिनिटांचा ईसीजी पुरतो. पण तो आडवं झोपवून, आधी विश्रांती देऊन, रोज एकाच वेळी, चहा-तंबाखूशिवाय घ्यावा लागतो. मधे एखादा जास्तीचा ठोका आला की आकडे बिघडतात, त्यामुळे प्रत्येक नोंद डोळ्यांनी तपासणं भाग आहे. मला स्वतःला हीच वाट पटली, कारण यात नमुना रुग्णालयाच्या मर्जीवर अवलंबून नसतो.

एक खूण सांगतो. सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे संशोधनाच्या आराखड्यात, नमुनासंख्या सर्रास 384 लिहिलेली दिसते. तो आकडा 50 टक्के प्रमाण आणि 5 टक्के चूक धरून प्रादुर्भाव मोजण्यासाठी येतो. दोन गटांची तुलना करणाऱ्या प्रबंधातही 384 असेल तर त्या विभागात संख्याशास्त्राकडे कुणी बघत नाही असं समजावं.

प्रयोगशाळेतल्या मूलभूत कामाची ओढ असेल तर नाशिक सोडावं लागेल. पुण्यात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र, खारघरला टाटा स्मारकचं अॅक्ट्रेक, परळला आयसीएमआरची प्रजनन आरोग्यावरची संस्था, हे पर्याय जवळचे. तिथे सहसा सीएसआयआर, आयसीएमआर किंवा डीबीटी या केंद्र सरकारी यंत्रणांची फेलोशिप असलेल्यांना प्राधान्य असतं. सीएसआयआरच्या लाइफ सायन्सेस परीक्षेत प्राणी शरीरक्रियाशास्त्र हा सातवा घटक आहे, फिजिऑलॉजीवाल्यांना हमखास गुण देणारा. केंद्राची जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) 1 जानेवारी 2023 पासून दरमहा 37,000 रुपये आहे. खाजगी महाविद्यालयात असं काही मिळेलच याची खात्री नसते. मग सारथी, बार्टी, महाज्योती, टीआरटीआय या वेगवेगळ्या समाजगटांना फेलोशिप देणाऱ्या राज्याच्या संस्थांपैकी ज्यांच्या गटात बसता त्यांच्या जाहिरातीवर लक्ष ठेवायचं. नोंदणीचा पुरावा तिथे मागतात, त्यामुळे नोंदणीपत्राची प्रत हाताशी हवी.

फी भरण्यापूर्वी केंद्राच्या मान्यतेचं पत्र, गाइडच्या मान्यतेचं पत्र आणि नैतिकता समितीच्या नोंदणीची तारीख, तिन्ही बघून घ्यावीत. मान्यता ठरावीक मुदतीची असते. प्राण्यांवर काम असेल तर प्राणिगृहाची सीसीएसईए (प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख ठेवणारी केंद्रीय समिती) नोंदणीही, आणि माणसांवर औषध किंवा योगासारखा कुठलाही उपाय करून बघायचा असेल तर पहिला माणूस घेण्याआधी सीटीआरआय या क्लिनिकल चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंद. ती मागाहून केलेली अनेक नियतकालिकं स्वीकारत नाहीत.