गाडी उंच न करता तिचे शॉकॲब्सॉर्बर आणि स्प्रिंग बदलण्याविषयी

एसयूव्हीचे सस्पेन्शन, म्हणजे तिच्या स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर (पुढे नुसते ‘शॉक’), बदलायचे आहे असे गोव्यात कोणाला सांगितले, की पहिला प्रश्न येतो तो गाडी किती इंच उंच करणार, हा. मला एकही इंच नको होता. पर्वरीहून वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत रोजचे जाणे-येणे, सुट्टीच्या दिवशी सत्तरीतले गावचे घर, आणि अधूनमधून आईवडिलांना मागच्या सीटवर बसवून चोर्ला घाटातून बेळगावला जाणे, एवढाच माझ्या गाडीचा संसार आहे. तिने नदीनाले ओलांडावेत अशी माझी अपेक्षा नाही. वडिलांच्या कमरेला त्रास न होता तिने त्यांना बेळगावला पोहोचवावे, एवढीच आहे. सस्पेन्शनच्या बाजारात मात्र याच मागणीसाठी नेमकी वस्तू निवडणे सर्वांत अवघड असते, कारण तिथे विकली जाणारी बहुतेक सामग्री लोखंडी बंपर, विंच आणि छतावरचा तंबू वाहणाऱ्या गाड्यांसाठी बनवलेली असते.

गाडी लॅडर फ्रेमची आहे, म्हणजे तिचे अंग शिडीसारख्या पोलादी सांगाड्यावर बसवलेले आहे. पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाकाला धरणारे वर-खाली दोन आर्म) आणि कॉइल, म्हणजे वेटोळ्याची स्प्रिंग, मागे सॉलिड ॲक्सल (दोन्ही चाके जोडणारा अखंड दांडा) आणि कॉइल स्प्रिंग. फॉर्च्युनर, स्कॉर्पिओ-एन किंवा २०२० नंतरची थार यांची मांडणी ढोबळमानाने अशीच असल्यामुळे पुढचे विवेचन त्या गाड्यांनाही लागू पडावे. कारखान्यातून आलेले शॉक ८०,००० किलोमीटरच्या पुढे चालले होते. पणजीजवळ मांडवीवर असलेल्या अटल सेतूच्या सांध्यांवरून जाताना त्यांची अवस्था स्पष्ट जाणवत असे: सांधा ओलांडल्यावर गाडीचे अंग एकदा खाली-वर होऊन थांबायला हवे, ते दोन-तीन हेलकावे घेत असे, आणि आधीचा हेलकावा संपण्यापूर्वीच पुढचा सांधा आला तर मागच्या सीटवरची माणसे अक्षरशः तरंगत. टायरवर हात फिरवला तर रबर ठिकठिकाणी उंचसखल झिजलेले लागत होते. चाक रस्त्याला सलग चिकटून न राहता उसळत असल्याची ही जुनी आणि भरवशाची खूण आहे. मागच्या उजव्या शॉकच्या नळीवर तेल ओघळून त्यावर लाल धूळ बसली होती.

येथे एक गोष्ट नीट समजून घेणे आवश्यक आहे. गाडीचे वजन स्प्रिंग पेलते, शॉक पेलत नाही. स्प्रिंग दबली की तिच्यात ऊर्जा साठते आणि ती तशीच परत मिळते. ही परत येणारी ऊर्जा खाणे हे शॉकचे काम. त्यातला पिस्टन तेलाला बारीक छिद्रांतून आणि झडपांतून ढकलतो, तेल तापते, आणि ती उष्णता नळीवाटे हवेत निघून जाते. म्हणूनच ‘गाडी फार उसळते, जरा कडक स्प्रिंग टाका’ हा सल्ला बहुतेक वेळा उलटा पडतो. उसळी थांबवण्याची जबाबदारी मुळात स्प्रिंगची नसतेच.

मोठा खर्च करण्यापूर्वी दोन स्वस्त गोष्टी तपासल्या पाहिजेत, आणि त्या न तपासता थेट नवा संच सुचवणाऱ्या गॅरेजपासून दूर राहावे असे माझे मत आहे. पहिली गोष्ट हवेचा दाब. दाराच्या चौकटीवर कंपनीने दाब लिहून दिलेला असतो, तरी पेट्रोलपंपावर एसयूव्ही पाहिली की हवा भरणारा मुलगा न विचारता त्याहून बरीच जास्त हवा भरतो, आणि मग प्रत्येक खडा सीटपर्यंत पोहोचतो. दुसरी गोष्ट रबरी बुश (सांध्यांतल्या रबरी गाद्या) आणि स्टॅबिलायझरच्या, म्हणजे गाडी फार कलू न देणाऱ्या दांड्याच्या, लिंक. माझ्या गाडीत लोअर आर्मचे बुश फाटलेले होते आणि खड्ड्यात येणारा ‘खट्’ आवाज त्यांचाच होता. ते बदलल्यावर आवाज गेला, हेलकावे मात्र राहिले. याचा अर्थ दोष खरोखरच शॉकमध्ये होता.

स्प्रिंग निवडण्याआधी मी गाडी वजनकाट्यावर नेली. खाणींमुळे डिचोली-सत्तरीच्या पट्ट्यात असे काटे कमी नाहीत. पुढचा ॲक्सल वेगळा, मागचा ॲक्सल वेगळा, एकदा मी एकटा असताना आणि एकदा घरची सगळी मंडळी व सामान भरून, असे वजन करून घेतले. भरलेल्या गाडीचे वाढीव वजन बहुतांशी मागच्या ॲक्सलवरच येते. ही कागदाची चिठ्ठी स्प्रिंगच्या निवडीत कोणत्याही जाहिरातीपेक्षा उपयोगी पडते.

कारण साधे गणित आहे. स्प्रिंगवर उभे असलेले वजन सेकंदाला किती वेळा खाली-वर होईल, हे स्प्रिंगचा कडकपणा आणि वजन यांच्या भागाकाराच्या वर्गमुळावर अवलंबून असते. सेकंदाला एक ते दीड आंदोलन शरीराला सुखाचे वाटते. अर्ध्याच्या खाली गेले तर मळमळते, आणि चार ते आठच्या दरम्यानची कंपने कण्याला व पोटाला सर्वाधिक जाणवतात. समजा मागच्या एका चाकावर ४५० किलो भार आहे आणि चाकापाशी मोजलेला स्प्रिंगचा कडकपणा मिलिमीटरला ३० न्यूटन आहे (ती एक मिलिमीटर दबायला ३० न्यूटन जोर लागतो), तर आंदोलने सेकंदाला सुमारे १.३ होतात. त्याच जागी चाळीस टक्के कडक, म्हणजे ४२ न्यूटनची ‘हेवी ड्यूटी’ स्प्रिंग बसवली, तर तीच आंदोलने १.५४ वर जातात आणि रिकामी गाडी प्रत्येक गतिरोधकावर लाथ मारल्यासारखी उसळते. हीच कडक स्प्रिंग चाकावर ६०० किलो आले की १.३३ वर येते. याचाच अर्थ असा की चाकावर कायम ६०० किलो असणाऱ्या गाडीसाठी ती उत्तम आहे, आणि महिन्यातून एखाद्या वेळी भरणाऱ्या माझ्या गाडीसाठी ती शिक्षा आहे. उलट मूळची मऊ स्प्रिंग पूर्ण भारात १.१३ पर्यंत उतरते, जे अजूनही सुखाच्या मर्यादेत आहे. फक्त तिथे गाडीचे बूड खाली बसते आणि बंपस्टॉप, म्हणजे सस्पेन्शनची हालचाल शेवटी अडवणारा रबरी ठोकळा, लवकर लागतो.

म्हणून पुढे मूळच्याच कडकपणाच्या आणि मागे किंचित जास्त भाराच्या स्प्रिंग मी घेतल्या. ओल्ड मॅन एमू, टफ डॉग, आयर्नमॅन यांसारख्या ऑस्ट्रेलियन नावांच्या तक्त्यांत स्प्रिंगची निवड कायम वाहिल्या जाणाऱ्या भारानुसार दिलेली असते. यातला ‘कायम’ हा शब्द दुकानात हमखास गळतो. सणासुदीला भरणारी डिकी म्हणजे कायमचा भार नव्हे.

शॉकच्या बाबतीत विचार करण्यासारखे अधिक आहे. त्याच्या झडपा गाडीच्या वेगाला नव्हे, तर पिस्टनच्या वेगाला प्रतिसाद देतात. चोर्ला घाटातल्या वळणावर गाडी कलते किंवा ब्रेक लावल्यावर नाक खाली घालते, तेव्हा पिस्टन हळू सरकत असतो. पावसाळ्यानंतर डांबराची धारदार कड उघडी पडलेल्या खड्ड्यात चाक पडते, तेव्हा तो झपाट्याने सरकतो. आरामदायी शॉक हळू हालचालीला घट्ट धरतो आणि झपाट्याच्या हालचालीला वाट मोकळी करून देतो. झिजलेल्या शॉकमध्ये ही पहिली पकड गेलेली असते, आणि निव्वळ कडक शॉकमध्ये दुसरी मोकळीक नसते; दोघांचेही प्रवासी तक्रार करतात, फक्त तक्रारीचे शब्द वेगळे असतात. महिंद्राच्या एक्सयूव्ही७०० मध्ये कंपनीनेच कंपनांच्या वारंवारतेनुसार विरोध बदलणारे शॉक दिले आहेत, ते याच दुहेरी गरजेसाठी.

परतीच्या हालचालीचा विरोध, ज्याला मेकॅनिकही रिबाउंडच म्हणतात, तो जास्त असला तर आणखी एक प्रकार घडतो. आपल्याकडे चौकाच्या आधी पांढऱ्या जाड पट्ट्यांची रांगच मारलेली असते. पहिल्या पट्टीवर दबलेली स्प्रिंग पूर्ण उघडण्याआधी दुसरी पट्टी येते, मग तिसरी, आणि गाडी दर पट्टीला थोडीथोडी खाली बसत जाते. शेवटच्या पट्ट्यांवर स्प्रिंगला खेळायला जागाच उरत नाही. आतल्या गावांकडे जाणाऱ्या, वाहने जाऊन जाऊन घड्या पडलेल्या जांभ्याच्या रस्त्यावरही हेच होते. शिवाय तिथे तेल तापून पातळ होते. त्यामुळे शॉक हाताने दाबून ‘किती टाइट आहे बघा’ असे कोणी दाखवले, तर त्यावरून काहीही सिद्ध होत नाही.

नवी स्प्रिंग आणि जुना शॉक ही जोडी मी टाळली. स्प्रिंग चाळीस टक्के कडक झाली, तर तिला तितक्याच प्रमाणात आवरण्यासाठी शॉकचा विरोध सुमारे अठरा टक्के वाढावा लागतो. आधीच थकलेल्या शॉककडून ती अपेक्षा करता येत नाही. बजेट तुटपुंजे असेल तर स्प्रिंग जुन्या ठेवून चारही शॉक नवे घ्यावेत.

मोनोट्यूब (एकाच नळीचा शॉक) की ट्विनट्यूब (नळीत नळी असलेला), हा वाद मी फार ताणला नाही. बिल्स्टाइनसारख्या मोनोट्यूबमध्ये तेलाची नळी थेट हवेला लागून असल्यामुळे ती लवकर थंड होते, तेल आणि दाबाखालचा नायट्रोजन वेगळे राहिल्यामुळे फेस होत नाही. पण त्या एकाच भिंतीला दगडाने पोचा आला तर पिस्टन अडकतो. ट्विनट्यूब असे मार सोसते आणि कमी वेगाच्या गावरस्त्यावर मला ती अधिक मवाळ वाटली. मी नायट्रोजन भरलेल्या ट्विनट्यूब घेतल्या. आयात केलेला पूर्ण संच सहज लाखाच्या घरात जातो, त्यामुळे विकत घेण्याआधी तसाच संच लावलेल्या ओळखीच्या गाडीत मागच्या सीटवर बसून यावे, चालकाच्या सीटवर नव्हे.

बसवण्याच्या कामात एका गोष्टीसाठी मी गॅरेजमध्ये उभा राहिलो. रबरी बुश असलेल्या आर्मचे बोल्ट गाडी लिफ्टवर, चाके लोंबकळत असताना शेवटचे आवळले, तर गाडी खाली उतरताच रबर पिळलेल्या अवस्थेत राहते. सस्पेन्शन विनाकारण ताठर वाटते आणि बुश लवकर फाटतात. ते बोल्ट चाकांवर गाडीचे पूर्ण वजन आल्यावरच आवळायचे असतात. वरचे माउंट आणि बंपस्टॉप नवे घातले. काही संचांत डाव्या व उजव्या स्प्रिंगची लांबी मुद्दाम वेगळी असते, तेव्हा खुणा पाहूनच त्या लावाव्यात. कॉइल स्प्रिंग दाबून धरण्याचे अवजार निसटले तर माणूस जायबंदी होऊ शकतो, म्हणून हे काम घरच्या अंगणात करू नये. अलाइनमेंट लगेच एकदा केले, आणि स्प्रिंग थोड्या बसल्यावर पुन्हा एकदा करून घेतले.

गाडी उंच करू इच्छिणाऱ्यांनी मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ अवश्य वाचावे; नोंदणीपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारे बदल त्याखाली येतात. उंची वाढली की ड्राइव्हशाफ्टचे कोन आणि हेडलाइटचा झोतही बदलतो. वॉरंटी शिल्लक असेल तर आधी तिच्या अटी पाहाव्यात.

आता सांध्यावर गाडी एकदाच हलते आणि स्थिरावते. घाटात आईला उलटीची गोळी लागत नाही, पट्ट्यांच्या रांगेवर गाडी खाली बसत नाही. जे सुधारले नाही तेही सांगतो: फक्त एकाच बाजूचे चाक खड्ड्यात गेले की मागचा अखंड ॲक्सल तिरका होतो आणि डोकी डावी-उजवीकडे हलतात. तो त्या मांडणीचाच गुण आहे, कोणताही शॉक तो घालवू शकणार नाही. शिवाय समुद्राची खारी हवा आणि जांभ्याचा चिखल यांचा इथल्या स्प्रिंगशी उभा दावा आहे. स्प्रिंग जिच्यावर टेकते त्या खालच्या बैठकीत चिखल साचला की रंग सुटतो, तिथेच गंज धरतो आणि स्प्रिंग बहुधा शेवटच्या वेढ्यापाशी तुटते. चिखल सुकून शॉकच्या चकचकीत दांड्यावर घासला गेला की सील जाते. त्यामुळे पावसाळ्यात गावाहून परतल्यावर बॉनेट आणि काचा राहिल्या तरी चालतील, चारही बैठकी आणि दांड्यांवर मी साध्या पाण्याचा पाइप धरतो. उच्च दाबाचा फवारा मात्र सीलपासून लांबच ठेवतो.