मेणवली घाट, चौथी फेरी: टोपीतला माइक

मागच्या तीन फेऱ्यांचं फुटेज बघायला छान, ऐकायला भिकार. विषय तोच: मेणवलीच्या घाटावर बसून मामा कृष्णेच्या पुरांच्या आठवणी सांगतायत, मागे नाना फडणविसांच्या वाड्याची भिंत. पहिल्या फेरीत कॅमेऱ्याचा आतला माइक वापरला. त्याबद्दल न बोललेलंच बरं.

दुसऱ्या फेरीत हॉट शूवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या खाचेत, छोटा शॉटगन (समोरचा आवाज जास्त पकडणारा लांबट माइक) चढवला आणि वाटलं, झालं काम. पण कॅमेरा मामांपासून तीन मीटरवर, म्हणजे माइकही तीन मीटरवरच. उघड्यावर अंतर निम्मं केलं की आवाज साधारण 6 डीबीने वाढतो हे पाठ होतं, पण कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसलेला माइक पुढे जाणार कसा? त्यात रेकॉर्डिंगची लेव्हल ऑटोवर राहिली. मामा आठवायला थांबले की कॅमेरा आपोआप गेन (आवाजाची वाढ) चढवायचा, नदी आणि हिस्स (माइकची सततची सळसळ) दोन्ही वर यायचे, आणि मग मामांचा पुढचा शब्द दणकन आदळायचा. आता सगळं मॅन्युअल. आवाज फाटतो त्या शून्य डीबीच्या खाली, बोलण्यातले चढ उणे 12 डीबीच्या आसपास ठेवतो; वर जागा हवी, कारण मामा मध्येच हसतात आणि जोरात हसतात.

तिसरी फेरी बोक्याची. डेडकॅटला, म्हणजे वारा अडवायला माइकवर घालतात त्या केसाळ आवरणाला, आमच्या घरी बोका म्हणतात. विकतचा घेण्याऐवजी भाचीच्या जुन्या टेडीची फर शिवून माइकला घातली. वारा गेला, पण मामा गोधडीतून बोलल्यासारखे! फर उलटी करून पाहिली तर मागे रबरासारखा थर. वरच्या फ्रिक्वेन्सी तिथेच अडकत होत्या. आता कुठलंही कापड आधी तोंडाला लावून फुंकतो; फुंकर आरपार गेली तरच पुढचं.

यावेळी कॉलर माइक आणि खिशात छोटा रेकॉर्डर, 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, लो-कट (खालची घरघर कापणारी चाळणी) 80 हर्ट्झवर. माइक सदऱ्याच्या आत चिकटवला. सदरा कांजी केलेला. मामांनी श्वास घेतला तरी हेडफोनमध्ये करकर. दोनदा जागा बदलली, टेप बदलला, करकर तशीच. शेवटी मामाच वैतागले, "अरे, टोपीत बसव की!"

गांधी टोपीच्या पुढच्या घडीत माइक सरकवला, टोक जेमतेम बाहेर. जखमेवर लावतात त्या कागदी पट्टीने आतून चिकटवला आणि वायर मानेमागून सदऱ्यात सोडून बंडीच्या खिशात आणली. मामांनी नदीकडे मान वळवली तरी तोंड ते माइक अंतर तेवढंच, त्यामुळे आवाज कुठे पडत नाही. चार फेऱ्यांतली एवढी एकच गोष्ट पहिल्या फटक्यात जमली.

आवाज रेकॉर्डरवर, चित्र कॅमेऱ्यात; म्हणून दोन्हींच्या जुळवणीसाठी टाळी सुरुवातीला आणि शेवटीही वाजवा. 22 मिनिटांच्या टेकच्या शेवटी ओठ आणि आवाज तीन फ्रेम फाकले होते. कॅमेरा आणि रेकॉर्डर, दोघांची घड्याळं वेगळी चालतात. मामा जिथे थांबले तिथे ऑडिओ कापून सरकवला.

मात्र सगळीच चूक घड्याळाची नसते. पलीकडे धुणं आपटणाऱ्या बाईंचा लाँग शॉट घेतला होता, अंदाजे 40 मीटरवरून. कपडा दगडावर पडल्यावर आवाज येतोय जवळजवळ तीन फ्रेम उशिरा. मी तो सरकवून बसवला आणि शॉट खोटा वाटायला लागला. ध्वनी सेकंदाला 340 मीटरच्या आसपास धावतो, म्हणजे सेकंदाला 25 फ्रेमच्या हिशोबाने तेवढा उशीर खराच. परत होता तसा ठेवला.

शेवटी दोन मिनिटं सगळ्यांना गप्प बसवून नुसता घाट रेकॉर्ड केला. कापाकापीतल्या फटी त्यानेच बुजल्या.

अडलंय ते वाऱ्यावर. साडेआठनंतर नदीवरून वारा सुटला आणि टोपीबाहेर डोकावणारं ते टोक फडफडायला लागलं. शेवटची सहा मिनिटं वाया. टेडीचा एक कान उरलाय. त्याच्या मागे तो थर नाही, फुंकर जाते. त्याचं पेनाच्या टोपणाएवढं टोपडं शिवायला घेतलंय.