मधल्या नावानं ठरवलेलं पहिलं नाव

लेक जन्मली तेव्हा तिच्या मनगटावर प्लॅस्टिकची पट्टी बांधली होती. त्यावर बॉलपेननं लिहिलेलं: 'बी/ओ रेवती'. बेबी ऑफ रेवती. चार दिवस तिचं हेच नाव होतं. डॉक्टर, नर्स, रक्ताची नळी, बिल, सगळीकडे. बापाला तिथे कुणी विचारत नव्हतं. बाप फक्त पैसे भरायला.

घरी आल्यावर नावाचं सुरू झालं. ती ऑगस्ट 2024 मधली. म्हणजे महाराष्ट्रातला नवा नियम तिला लागू: 1 मे 2024 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचं नाव आधी स्वतःचं, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव, या क्रमानं लिहायचं. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये मंत्रिमंडळानं हा निर्णय घेतला, तेव्हा मी पाच महिन्यांची गरोदर होते आणि बातमी वाचून उगाचच पोटावर हात फिरवला होता.

मधलं नाव आपल्याकडे कुणी निवडत नाही, ते आधीच ठरलेलं असतं. पूर्वी एकच असायचं, आता दोन. त्यामुळे निवडायचं काय, तर या दोघांना झेपेल असं पहिलं नाव. माझ्या हे लक्षात आलं तेव्हा नणंदेनं आत्याच्या हक्कानं 'सई' हे नाव जवळपास पक्कं केलं होतं.

सई मलाही फार आवडायचं. रात्री दीड वाजता पाजता पाजता मी ते पूर्ण म्हणून पाहिलं. सई रेवती अमित. परत म्हटलं. 'सई रे' असं झालं आणि पुढे नुसतं 'वती' उरलं. कुणी मित्रानं हाक मारावी तसं, सई रे! सकाळी अमितला म्हणायला लावलं, त्याचंही तसंच झालं. त्यात तो बांधकामाच्या धंद्यातला. आद्याक्षरं काढून म्हणाला, "एस. आर. ए. झालं ना गं. झोपडपट्टी पुनर्वसन." संपलं. त्यानंतर मला ते नाव निळ्या पत्र्यांच्या कुंपणाशिवाय ऐकूच येईना.

मग मी रीतसर नादी लागले. कागदावर लिहून काही कळत नाही, मोठ्यानं म्हणावं लागतं. मीरा रेवती: 'रा रे' एकमेकांवर आपटतात. स्वराचं तेच. सावनी रेवती म्हणजे दोन्हीकडे दीर्घ ई, बडबडगीत वाटतं. ईशा बरं होतं, पण 'ईशा रेवती' म्हणताना सगळा सूर हळू हळू खाली जातो. मला रेवतीच्या आधी एक ठोका हवा होता, जिथे जीभ थांबते आणि मग 'रे' नव्यानं उचलते. म्हणजे जोडाक्षर. मुक्ता. 'क्त'वर दार लागल्यासारखं होतं आणि मग रेवती आपली वेगळी उभी राहते. मुक्ता रेवती अमित. दोन अक्षरं, तीन अक्षरं, तीन अक्षरं. शाळेत हजेरी घेतल्यासारखं मी ते दहा वेळा म्हटलं. (आमचं आडनाव 'त'वरून सुरू होतं, त्यामुळे 'अमित'च्या पुढे त-त होतंच. त्याला इलाज नव्हता, ते लग्न ठरवतानाच बघायला हवं होतं.)

चुलतसासूबाई पत्रिका घेऊन आल्या होत्या. मघा नक्षत्र. मा, मी, मू, मे. त्यांनी 'मु' ऐकलं आणि तिसरं चरण बसतंय म्हणून पत्रिका मिटली. मी ते मुद्दाम जुळवलेलं नव्हतं, पण कबूलही केलं नाही. धाकट्या दिरानं मात्र सांगितलंच, "वहिनी, एम. आर. ए. म्हणजे मुंबईत पोलीस ठाणं आहे. माता रमाबाई आंबेडकर मार्ग." म्हटलं, असू दे. झोपडपट्टीपेक्षा पोलीस बरे, आणि रमाबाईंचं नाव त्यात आहे ना, मग झालं तर.

खरा पेच आवाजाचा नव्हता. सासरे म्हणाले, "म्हणजे अमितचं नाव तिसऱ्या नंबरवर?" रागानं नाही, पण म्हणाले. मग स्वतःच त्यांच्यातले इतिहासाचे मास्तर जागे झाले आणि आईच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या सातवाहन राजांवर, गौतमीपुत्र सातकर्णीवर गेले. वासिष्ठीपुत्र पुळुमावीवर गेले. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीनं कोरून घेतलेला लेख आहे, तिथवर गेले. शेवटी त्यांचीच गाडी अशा जागी येऊन थांबली की मागे घेता येईना.

सासूबाई तोवर गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मी दहावीच्या सर्टिफिकेटवर सुमन. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं वैशाली लिहिलं. मला कुणी विचारलं नाही. आता बँकेत गेलं की दोन्ही बाया एकच, म्हणून प्रतिज्ञापत्र द्या." आणि मला म्हणाल्या, "तुझं नाव तिच्या नावात जाणार असेल तर आधी तुझं सगळीकडे एकच आहे का बघ."

नव्हतं. सर्टिफिकेट आणि पासपोर्टवर इंग्रजीत 'रेवती'ला डब्ल्यू, आधारवर व्ही. रुग्णालयानं जन्माचा फॉर्म आधार बघून भरलेला, म्हणजे तिथेही व्ही. आजवर मला त्यानं काही फरक पडला नव्हता. पण आता माझ्या स्पेलिंगची चूक मुलीच्या नावात कायमची बसणार होती. शिवाय 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेसाठी जन्मदाखलाच दाखवावा लागतो, तेव्हा तो चुकून चालणार नव्हता.

नशीब एवढंच की नोंदणी बिननावाची झाली होती. जन्म 21 दिवसांच्या आत कळवावा लागतो, पण नाव नंतर घालता येतं. 12 महिन्यांपर्यंत फुकट, पुढे विलंबशुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. ज्यांना घाई करून काहीतरी लिहून देण्याचा मोह होतो त्यांना माझं एवढंच सांगणं, रकाना कोरा ठेवा.

आधी आधार दुरुस्त केलं. तिथे नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. लग्नानंतर मी आडनाव बदललं नव्हतं, म्हणून दोन्ही संधी शिल्लक होत्या. पासपोर्ट दाखवून एक वापरली. मग जन्मनोंदणीतलं माझं स्पेलिंग. त्याला अर्ज, कागद आणि तीन फेऱ्या. पहिल्या फेरीत साहेब नव्हते, दुसऱ्या फेरीत साहेब होते पण माझ्याकडे झेरॉक्स नव्हती. कंटाळवाणं आहे, पुढे जाते.

नाव घालायच्या दिवशी खिडकीतल्या बाईंनी अर्ज वाचला आणि पेन उचललं. "यात वडिलांचं मधलं ना? हे रेवती कोण?"

"मी."

त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, मग शासन निर्णयाच्या प्रतीकडे, जी मी फाइलच्या अगदी वर ठेवली होती. मग संगणकावर एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत टाइप केलं. डब्ल्यूपाशी थांबून विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, नक्की.

पासपोर्टला मधल्या नावाचा वेगळा रकाना नसतो, नाव आणि आडनाव एवढेच दोन. तिथे आडनाव सोडून तिन्ही नावं एका ओळीत बसली. मुक्ता रेवती अमित.

लसीकरणाचं कार्ड तेवढं राहिलंय. त्यावर अजून 'बी/ओ रेवती' आहे, व्हीनं. नर्स मागच्या खेपेला म्हणाली, खोडून नाव लिहून देऊ का? मी म्हटलं, राहू दे.