बंड्याची ऑडिशन

सिनेमासाठी कुत्री तयार करणं हा माझा व्यवसाय. त्या दिवशी गोरेगावच्या चित्रनगरीजवळ एका कौटुंबिक विनोदी चित्रपटासाठी देशी कुत्रा निवडायचा होता. डोंबिवलीहून अख्खं घर आलं होतं: आजी, आई-बाबा, दहा वर्षांचा नातू आणि गळ्यात लाल रुमाल बांधलेला बंड्या. ‘आमचा बंड्या हिरो होणार,’ नातवाने आल्या आल्या सांगितलं.

जमिनीवर टेपची फुली मारली. कुत्र्याचा पाय फुलीवर पडला की लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा, अशी माझी रीत. पण हुकूम द्यायला चौघे एकदम सरसावले. बाबा ‘सिट’, आई ‘बस रे राजा’, नातू नुसता बोट दाखवतोय, आजी ‘टेक खाली’. बंड्याने आळीपाळीने सगळ्यांकडे पाहिलं आणि शेवटी माझ्या बुटावर बसला. मला फार हसू आलं.

मग सगळ्यांना बाहेर पाठवलं. शाळेतून मुलगा येण्याची वाट पाहणारा कुत्रा, असा प्रसंग होता. दार लागताच बंड्याचा एक कान ताठ दाराकडे, दुसरा दुमडलेला. नजर हलेना. ‘हाच चेहरा हवा!’ दिग्दर्शकाचा सहायक पुटपुटला.

मी मात्र खाली वाकून पाहिलं. शेपूट पोटाखाली, जीभ सारखी नाकावर, एकामागून एक जांभया. नाकाशी धरलेलं चिकनही तो घेईना. तो घाबरला होता. चित्रीकरणात हेच त्याला दहा-बारा वेळा सोसावं लागलं असतं. प्राणी कल्याण मंडळाकडे परवानगीचा अर्ज करताना कुत्र्याचं डॉक्टरी प्रमाणपत्र जोडावं लागतं, पण ही भीती त्या कागदावर दिसत नाही. ती ओळखणं माझं काम. मी नाही म्हटलं.

आजी आत आली आणि बंड्याने तोच चिकनचा तुकडा तिच्या हातून मटकावला. नातवाचे डोळे भरले. मी त्याला शेजारी बसवून समजावलं: रोज आजीने एक मिनिट बाहेर जायचं, परत यायचं, मग दोन मिनिटं, बंड्याला तो खेळ वाटायला लागला की मला फोन करायचा. आणि हुकुमाला घरात एकच शब्द.

‘मग माझाच,’ आजी रुमाल सोडवत म्हणाली, ‘टेक.’

बंड्या बसला.